झोळी बांधून देणाऱ्या बाई

हे मी बरीच वर्षं सांगायचं टाळलं. आमच्या इमारतीत कोणी त्या बाईंचा विषय काढला की मी पाण्याच्या टाकीवर बोलायला लागायचो, नाहीतर चष्मा पुसत बसायचो. आता ऐकणारे थोडे उरलेत आणि टाळायला पुढे वर्षंही फारशी दिसत नाहीत. म्हणून लिहितो.

त्यांची आठवण काढायची म्हणजे मला आधी त्यांची दोन बोटं दिसतात. जिन्यात, फाटकाशी, विठ्ठलवाडीच्या डेपोसमोर, कुठंही बाळ बांधून घेतलेली बाई दिसली की या थांबायच्या. हातातली पिशवी खाली ठेवायच्या, पदराला हात पुसायच्या आणि बाळाच्या हनुवटीखाली अलगद दोन बोटं सरकवायच्या. बोटं शिरली की समाधानानं मान हलवायच्या. नाही शिरली तर म्हणायच्या, "मान दुमडलीय गं तिची. श्वासाला वाट ठेव." मग आईकडे वळायच्या आणि नावगाव विचारायच्या आधी विचारायच्या, "पाठ काय म्हणते?"

बाळंतिणीला हा प्रश्न कोणी विचारत नाही, हे तुम्हीही पाहिलं असेल. बाळ कोणावर गेलं, दूध पुरतं का, रात्री झोपतं का, हे सगळे विचारतात. पाठीचं कोणी विचारत नाही. या एवढ्याशा प्रश्नावर भर जिन्यात डोळे पुसणाऱ्या पोरी मी पाहिल्यात.

आमची इमारत उल्हासनगर कॅम्प चारमध्ये. तीन मजली, लिफ्ट नाही. खाली दुकानं, वर बिऱ्हाडं. निम्मी सिंधी, निम्मी मराठी. मी अंबरनाथच्या एका कारखान्यातून मेंटेनन्स ऑफिसर म्हणून निवृत्त झालो होतो आणि निवृत्त माणसाला दुसरं काही देता येत नाही म्हणून लोकांनी सोसायटीचं सेक्रेटरीपद दिलं होतं. बाई तिसऱ्या मजल्यावर एकट्या राहत. त्याही अंबरनाथलाच, पण दुसऱ्या कारखान्यात, स्टोअरला क्लार्क होत्या. नवरा लवकर गेलेला, मुलगा पुण्याकडे नोकरीला. उंच बांधा, खडा आवाज. त्यांच्या दारावर निळं तोरण असायचं. आत शोकेसमध्ये बुद्धाची मूर्ती आणि तिच्या शेजारी मुलानं शाळेत मिळवलेले कप.

बुद्धपौर्णिमेला त्या घरोघर खिरीचा डबा पाठवत. आमच्याकडेही यायचा. माझी बायको तो हसून घ्यायची आणि भांडी घासायला येणाऱ्या बाईला देऊन टाकायची. भांडं रिकामं परत पाठवायचं नाही, ही आमच्या घरची रीत. म्हणून डब्यात साखर घालून तो वर पाठवला जायचा. हे मला माहीत होतं. इतकी वर्षं मला त्यात काही वाईट दिसलं नव्हतं, हेही इथंच सांगून टाकतो.

झोळीचा त्यांचा नाद सगळ्या कॅम्पात माहीत होता. खाली कटपीसचं दुकान असलेले एक सिंधी शेठ होते. त्यांनी एकदा बाळाला छातीशी अडकवायच्या तयार पिशव्या आणल्या. चकचकीत कापड, प्लास्टिकचे बकल, वर हसऱ्या गोऱ्या बाईचं चित्र. दोन हजार सालानंतर असा माल बाजारात दिसायला लागला होता. बाई ऑफिसातून येताना दुकानात शिरल्या, पिशवी उलटसुलट करून बघितली.

"अदी, एकदम इंपोर्टेड आहे," शेठ म्हणाले. अदी म्हणजे त्यांच्यात बहीण; पुरुषाला साईं म्हणायचं. "आँख बंद करके घ्या."

"आँख उघडीच ठेवते, साईं. तुम्ही घालून बघितली?"

"मैं? मला काय बच्चा आहे?"

बाईंनी शेजारच्या किराणा दुकानातून साखरेची मोठी पिशवी आणवली, ती त्या झोळीत भरली आणि शेठच्या अंगावर बकल लावून दिले. "आता असेच गिऱ्हाईक करा. मी भाजी घेऊन येते."

त्या परत आल्या तोवर शेठ गल्ल्यावर दोन्ही कोपरं टेकून उभे होते. पट्टे अरुंद होते, ते मानेजवळ रुतले होते. साखरेची पिशवी खाली घसरून त्यांच्या पोटावर आली होती.

"पाठ काय म्हणते, साईं?"

"पाठ गाली देते आहे, अदी."

तेव्हापासून शेठनं त्या पिशव्या मागच्या फळीवर टाकल्या आणि बाई सांगतील तसलं सुती कापड पुढे मांडलं. "झोळीवाल्या अदीचं कापड" म्हणून ते विकलं जायचं. बाईंना त्याचं हसू यायचं.

त्या नेहमी बरोबर असत असंही नाही. एकदा पहिल्या मजल्यावरचं एक बाळ किंचाळून रडत होतं. यांनी कापडाला दोष दिला. आधी जाड म्हणून बदललं, मग नवं कोरं टोचतं म्हणून बदललं. अखेर बाळाच्या आजीनं झबलं काढलं तर आत मुंगी निघाली. "मुंगीशी बोलायचं राहूनच गेलं," बाई म्हणाल्या आणि स्वतःच सगळ्यांत जास्त हसल्या.

आमच्याकडे नात झाली तेव्हा सुनेचं सिझेरियन झालं होतं. ती घरी दहावीच्या शिकवण्या घ्यायची. मुलगा सकाळी जायचा तो रात्री यायचा. माझ्या बायकोचे गुडघे गेलेले. आणि नात अशी की खाली ठेवली की रडायची, उचलली की गप्प. सून तिला एका हातावर घेऊन दुसऱ्या हातानं फळ्यावर गणितं सोडवायची. एके दिवशी ती जिन्यात कठड्याला धरून थांबली होती आणि बाई वरून उतरत होत्या. प्रश्न विचारला गेलाच.

त्या संध्याकाळी त्या हातावर तीन-चार कापडं टाकून आमच्याकडे आल्या. मी हॉलमध्ये पेपर वाचत होतो, म्हणजे पेपर समोर धरून बघत होतो.

सुनेच्या माहेरून एक तयार झोळी आली होती. बाईंनी आधी तीच घालायला सांगितली. "हं. आता बघ. पाय कुठं आहेत तिचे? खाली लोंबताहेत. सगळा भार जांघेत आलाय. आपल्याला अशा खुर्चीवर बसवलं तर चालेल का? बाळानं बसावं, लोंबू नये."

मग माझ्या बायकोनं आपली एक जुनी साडी पुढे केली. ती गुळगुळीत होती, गाठ मारली की सरकायची. "वहिनी, साडी छान आहे, पण लग्नात नेसायला," म्हणून बाईंनी ती घडी करून परत दिली. आपल्याजवळचं एक सुती कापड त्यांनी खिडकीकडे उजेडात धरून सुनेला दाखवलं. "धुऊन धुऊन मऊ झालंय, पण विरलेलं नाही. असं हवं. नवं टोचतं, फार जुनं फाटतं. आपल्यासारखं मधल्या वयाचं."

त्यांनी ते सुनेच्या दोन्ही खांद्यांवर पसरलं. गुंडाळी होऊ दिली नाही, दंडाच्या टोकापर्यंत उलगडून बसवलं. पाठीवर फुली घेतली. बाळ आत बसवलं तेव्हा एका गुडघ्यापासून दुसऱ्या गुडघ्यापर्यंत कापड त्याच्या मांड्यांखाली होतं, गुडघे ढुंगणापेक्षा वर, पाय दोन बाजूंना. झाडाला बिलगलेल्या बेडकासारखं.

"आता मान वाकव. टाळूला ओठ लागतात? लागले पाहिजेत. नाही लागले तर बाळ फार खाली आहे. हं, आता चाल. आत जा, पातेलं उचल, गुडघ्यात वाकून काहीतरी घे, परत ये. आरशासमोर उभं राहून सगळंच बरं वाटतं."

सून आत जाऊन आली. नात झोपली होती.

"पाठ काय म्हणते?"

"ताई," सून म्हणाली, "काहीच म्हणत नाही." आणि मघाचीच ती पोर, कठड्याला धरून उभी असलेली, हसायला लागली.

तेव्हा बाई जमिनीवर बसून उरलेली कापडं घडी करत होत्या. त्यांनी कोणाकडेही न बघता सांगितलं, "माझी आई खडी फोडायला जायची. मला पाठीशी बांधून. कापड होतं चार बोटं रुंद, दुसरं नव्हतंच. तिच्या खांद्यावर वळ पडला तो शेवटपर्यंत गेला नाही. म्हातारपणी मी तिला आंघोळ घालायचे, तेव्हा रोज दिसायचा. माझाच वळ तो." एवढं बोलून त्यांनी घडी झटकली आणि आवाज बदलला. "सेक्रेटरीसाहेब, पेपर उलटा नाही ना धरलाय? या इकडे. आता तुमचा नंबर."

"मी कशाला?"

"आजोबांना खांदे नसतात का?"

त्यांनी मलाही बांधायला शिकवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी नातीला छातीशी घेऊन डेपोपर्यंत जाऊन आलो. आयुष्यात माझ्या स्वतःच्या मुलाला मी असं घेतलं नव्हतं. तिच्या श्वासाची ऊब बनियनमधून लागत होती. डेपोसमोर चहा पिणाऱ्या एका ड्रायव्हरनं विचारलं, "काका, पार्सल कुठलं?" मी म्हटलं, "घरचंच." नंतर मी रोज जायला लागलो. पोर जागी असली तर माझ्या शर्टाचं बटण तोंडात घ्यायची. त्या काही महिन्यांइतका सुखी मी पुन्हा झालो नाही.

आता दुसरी गोष्ट. ती याच महिन्यांतली आहे.

आमच्या घरात बाळाचे पाय बांधायची पद्धत होती. मालिश झाली, आंघोळ झाली की दोन्ही पाय ओढून सरळ जुळवायचे, गुडघ्यांवरून पट्टी फिरवायची आणि दुपट्यात घट्ट गुंडाळायचं. पाय फाकले की मूल फेंगडं होतं, असं माझी आई म्हणायची. तिनं मला बांधलं, माझ्या मुलाला बांधलं. आता बायकोला खाली बसता येत नव्हतं, म्हणून नातीला बांधायचं काम मी अंगावर घेतलं. जन्मभर कारखान्यात व्हॉल्व्ह आवळले होते. माझं बांधलेलं सुटत नसे आणि मला त्याचा अभिमान होता. झोळीतून काढली की मी तिला बांधायचो. दिवसाची झोप, रात्रीची झोप, सगळी त्या पट्टीत. सून एकदा म्हणाली, "बाबा, जरा सैल ठेवू या का?" मी म्हटलं, "तू गणितं बघ."

बाईंनी एकदा पाहिलं. बदलायला दिलेलं एक जादा कापड परत न्यायला आल्या होत्या. थोडा वेळ त्या दारातच थांबल्या. मग म्हणाल्या, "सेक्रेटरीसाहेब, पाय मोकळे सोडा हो तिचे. तिला हलवू द्या."

"आमच्याकडे सगळ्यांचे पाय असेच सरळ झालेत," मी म्हणालो.

"तुमचे सरळ आहेत, मान्य," त्या म्हणाल्या. "तिचे तिला होऊ द्या." मी हसलो आणि गाठ आणखी आवळली. कापड घेऊन त्या गेल्या.

नात वर्षाची झाली, उभी राहिली, पाऊल टाकायला लागली. तेव्हा दिसलं की ती डाव्या बाजूला झुकते. आधी वाटलं, नवीन चाल आहे. मग आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी तिला आडवी करून दोन्ही गुडघे जुळवले. डावा पाय आखूड दिसला. हाडांच्या डॉक्टरांना दाखवा म्हणाले. भेटीची वेळ मिळायला आठवडा होता. तो आठवडा घरात कोणी नीट जेवलं नाही. बायको देवापुढे बसून राहायची. मला कुठंतरी बोट ठेवायचं होतं. आणि जिथं बोट ठेवायचं तिथं मी ठेवलं नाही.

त्याच आठवड्यात गच्चीवर सोसायटीची सभा होती. विषय टाकीच्या गळतीचा. सभा संपताना कोणीतरी सहज विचारलं, नात चालते का. मी उभाच होतो. म्हणालो, "चालते, पण लंगडते. पाय फाकवून महिनोन्‌महिने झोळीत बसवली, दुसरं काय होणार." तिथंच थांबलो असतो तर निदान एवढंच राहिलं असतं. पण मी पुढे म्हणालो, "त्यांच्यात पोरं अशी बांधून कामाला जातात. आपल्यात ही पद्धत नाही. आमचीच चूक झाली, ऐकलं."

बाई मागच्या रांगेत बसल्या होत्या. सगळ्यांच्या माना आधी त्यांच्याकडे वळल्या, मग खाली गेल्या. मला वाटलं त्या भांडतील. भांडायला त्या कमी नव्हत्या; पाण्यावरून त्यांनी मला दोनदा गप्प केलं होतं. त्या उठून उभ्या राहिल्या. चेहरा उतरला होता.

"कुठला पाय?" त्यांनी विचारलं.

मी सभेचे कागद गोळा करायला लागलो. त्या जिना उतरून गेल्या.

हाडांच्या डॉक्टरांनी फोटो काढला. काचेवर लावून समजावून सांगितलं. खुब्याची खोबण उथळ होती, ती बहुधा जन्मापासूनच, कोणाचा दोष नाही. मग त्यांनी विचारलं, "पाय सरळ करून बांधत होता का? आपल्याकडे बांधतात." सून माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, "हो, थोडं." डॉक्टर म्हणाले, "अशा बाळाचे पाय सरळ आवळून ठेवले की मांडीच्या हाडाचा गोळा खोबणीतून आणखी सरकतो. पाय फाकलेले, वर घेतलेले हवेत." मी झोळीचं विचारलं. सुनेनं उठून बाळाला छातीशी धरून दाखवलं, कसं बसवायचो ते. डॉक्टर म्हणाले, "यानं काही बिघडलेलं नाही. झाला असेल तर फायदाच. हेच जास्त वेळ करायला हवं होतं."

उपचार काय होता ते सांगतो. नातीला भूल देऊन सांधा बसवला आणि कमरेपासून पायांपर्यंत प्लास्टर घातलं. पाय दोन्ही बाजूंना, गुडघे वर. बाईंनी पहिल्या दिवशी बसवली होती, तशीच.

दवाखान्यातून बाहेर पडल्या पडल्या सून म्हणाली, "बाबा, ताईंना सांगायला हवं. सगळ्यांनाच सांगायला हवं. मी आजच वर जाते."

मी म्हटलं, "तू नको. मी बोललो होतो, मीच सांगतो. माझं मला निस्तरू दे."

तिला ते पटलं. तिला वाटलं, सासरे मोठ्या मनाचे आहेत. मी सांगितलं असतं तर एका माणसाचं नाव परत मिळालं असतं. सुनेनं सांगितलं असतं तरी मिळालं असतं. मी स्वतःही सांगितलं नाही आणि तिलाही सांगू दिलं नाही. आधी म्हटलं, प्लास्टर निघू दे. मग म्हटलं, पुढच्या सभेत बोलू. पुढच्या सभेत पुन्हा टाकीच होती.

प्लास्टर घातलेलं मूल उचलणं म्हणजे काय ते ज्यानं केलंय त्यालाच कळेल. ओझं दुप्पट आणि धरायला जागा नाही. साध्या झोळीत ती मावेना. सुनेची पाठ पुन्हा बोलायला लागली. एक दिवस दाराच्या कडीला एक पिशवी अडकवलेली दिसली. आत एक रुंद पट्टा होता, बाहेरून जीन्सचं जाड कापड, आतून मऊ सुती, खांद्याच्या जागी गादी शिवलेली. आमच्या भागात जीन्स शिवणाऱ्यांचे कारखाने गल्लीगल्लीत. तिथल्याच कोणाकडून त्यांनी ते करून घेतलं असणार. प्लास्टरचे फाकलेले पाय दोन्ही बाजूंना नीट बसतील एवढं माप. कुणाला विचारून घेतलं, कुठून अंदाज काढला, मला माहीत नाही.

सुनेनं त्यात नातीला कडेवर बांधून पाहिलं. नात खिडकीपर्यंत जाऊन आली आणि कावळ्याला हाका मारायला लागली.

"ताईंनीच दिला ना?" सून म्हणाली. "म्हणजे तुम्ही बोललात त्यांच्याशी?"

मी म्हटलं, "हो."

सून वर जाऊन त्यांचे आभार मानून आली. मला वाटलं, आता कळेल, आता खाली येऊन विचारेल. ती आली आणि एवढंच म्हणाली, "ताई म्हणाल्या, मापात काही कमी-जास्त असेल तर सांग." मी सुटलो असं मला वाटलं. माणसाला किती थोडक्यात सुटल्यासारखं वाटतं.

इमारतीत मात्र माझं पहिलं वाक्यच राहिलं. असली वाक्यं घराघरांतून फार लवकर फिरतात. पहिल्या मजल्यावर दुसरं बाळ झालं तेव्हा बाईंना कोणी बोलावलं नाही. शेठच्या दुकानातलं "झोळीवाल्या अदीचं कापड" पुन्हा नुसतं सुती कापड झालं. "अदी आजकल येत नाही," शेठ मला म्हणाले, "कोई बात हुई क्या?" मी म्हटलं, "ऑफिसात काम वाढलं असेल." जिन्यात बाळ घेतलेली बाई समोरून आली की आता त्या भिंतीला लागून उभ्या राहत आणि तिला वाट देत. पिशवी दोन्ही हातांनी धरून ठेवत. बुद्धपौर्णिमेचा डबा मात्र त्या वर्षीही आला. त्यातली खीर मी खाल्ली. एकट्यानं, स्वयंपाकघरात उभा राहून. त्यानं काय होणार होतं.

पुढे त्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली, घर विकलं आणि बदलापुरात राहायला गेल्या. जांभूळ गावाच्या बाजूला, नवीन इमारती होत होत्या तिकडे. सामान टेम्पोत चढत होतं तेव्हा सेक्रेटरी म्हणून मी खाली उभा होतो. "ना हरकत" वगैरे कागद मी आधीच दिले होते. त्या म्हणाल्या, "येते, सेक्रेटरीसाहेब. गच्चीची टाकी बघा, उत्तरेकडून अजून गळते." मी म्हटलं, "बघतो."

नात शाळेत जायला लागली. पाय चांगला झाला होता. दमली की थोडा ओढायची, बाकी कळायचं नाही. दोन हजार दहा साल जवळ आलं असेल, सून मला म्हणाली, "बाबा, हिला एकदा ताईंना दाखवून आणा. मी फोनवर बोलते त्यांच्याशी, त्या फार विचारतात हिचं." त्या दोघी फोनवर बोलत होत्या, हे मला तेव्हा कळलं.

मी नातीला घेऊन गेलो. रिक्षात सबंध रस्ताभर एकच वाक्य मनात जुळवत होतो. सोपं वाक्य होतं. बाईंनी दार उघडलं. केस सगळे पिकले होते, गुडघ्याला पट्टा होता. त्यांनी आधी नातीकडे पाहिलं, माझ्याकडे नंतर.

"चालून दाखव गं," त्या म्हणाल्या. "त्या खिडकीपर्यंत जा. आता परत ये. आता पळ."

पोर पळाली. खुर्चीला धडकली. बाई खुर्चीत बसल्या आणि कितीतरी वेळ तिच्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "डावा होता ना?"

मी मान हलवली.

नात गॅलरीत खाली चाललेलं बांधकाम बघायला गेली. बाईंनी चहा आणला. माझ्यासमोर कप ठेवता ठेवता त्या हळू आवाजात म्हणाल्या, "तुमची सून फार गुणी आहे. ती मागे मला म्हणाली, बाबांनी तेव्हाच येऊन तुमच्याशी सगळं बोलून घेतलं, बरं झालं." त्यांनी साखरेचा डबा माझ्याकडे सरकवला. "मी हो म्हटलं."

बघा, किती सोपं करून दिलं होतं त्यांनी. दार उघडून त्या बाजूला उभ्या होत्या. मी नुसतं आत जायचं होतं. मी कप उचलला. म्हणालो, "तुमच्याकडे पाणी किती वेळ येतं?"

त्या माझ्याकडे पाहत राहिल्या. रागानं नाही. लहान मूल पहिलं पाऊल टाकतंय का ते बघावं आणि ते खाली बसावं, तसं काहीसं त्यांच्या डोळ्यांत होतं. "सकाळी तासभर," त्या म्हणाल्या. "पुरतं."

निघताना त्यांनी नातीच्या केसांवरून हात फिरवला. मला म्हणाल्या, "सांभाळून जा, भाऊ." सेक्रेटरीसाहेब म्हणाल्या नाहीत. मी ते पद केव्हाच सोडलं होतं, पण त्यांना ते सांगायचं राहून गेलं होतं.

दोन-तीन वर्षांनी त्यांच्या मुलाचा सुनेला फोन आला. झोपेतच गेल्या. आम्ही पोचलो तेव्हा सगळं आटोपलं होतं. घरात पांढऱ्या कपड्यातली माणसं बसली होती. मुलगा पुण्याकडेच असायचा, तो मला ओळखत नव्हता. सुनेनं ओळख करून दिली, "हे माझे सासरे. आईंच्या जुन्या बिल्डिंगमधले सेक्रेटरी." त्यानं हात जोडले आणि म्हणाला, "आई तुमच्याबद्दल नेहमी चांगलंच बोलायची." मी तिथंही गप्प राहिलो. सूनही अजून समजते की मी बोललो होतो. हे छापून आलं तर तिला पहिल्यांदा कळेल.

आमच्या इमारतीत अजून काही जुनी माणसं आहेत. नवीन सुनांना ती सांगतात, इथं एक बाई होत्या, त्यांच्या झोळीनं एका पोरीचा पाय गेला. ते खरं नाही. त्या पोरीचा आजोबा मी आहे, आणि रिक्षातून बदलापूरला जाताना मी जुळवलेलं वाक्य असं होतं: बाई, झोळीनं काही झालं नाही, तुम्ही सोडा म्हणत होतात तेव्हा पाय मी बांधत होतो, आणि हे कळल्यावरही मी चारचौघांत तुमचं नाव तसंच राहू दिलं, मला माफ करा.